सेल संपले, तरी भारत जिंकला

सलीमचाचा खोटं बोलले, म्हणून मी नर्स झाले.

आज पहाटे चाचा गेले. रडू आलंच. पण खरं सांगू? हायसंही वाटलं.
त्यांचा त्रास संपला, आणि मनावरचं ओझं त्यांनी गेल्याच आठवड्यात उतरवून ठेवलं होतं.

चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे जिगरी दोस्त. पन्नासच्या दशकात दोघं मनमाडला रेल्वेच्या पोरांच्या टीममध्ये फुटबॉल खेळायचे. अण्णा कीपर, चाचा फुलबॅक.
एका फायनलला अण्णांच्या हातांतून पेनल्टी सुटली. त्या दिवसापासून अण्णांनी पेनल्टी कधी पाहिली नाही, कॉमेंट्रीतही ऐकली नाही.

पेनल्टी आली की अण्णा उठून बाहेर जायचे. चाचा ऐकायचे आणि मग जाऊन सांगायचे. पुढे दोघंही पंचवटीत राहायला आले, तरी हा रिवाज मोडला नाही.

पंच्याऐंशी साल. डिसेंबरची थंडी.
शेजारी देशांची स्पर्धा ढाक्याला चालू होती. फायनलला भारत आणि बांगलादेश.

आणि आमच्या घरात वेगळीच फायनल.

माझी बारावी झाली होती. मला नर्सिंगला जायचं होतं. अण्णांचे थोरले भाऊ, तात्या, देवळ्याचं स्थळ घेऊन आले होते. कांद्याचे व्यापारी, दारात ट्रॅक्टर. "पोरीला शिकवून काय दिवे लावायचे हायेत?" असं म्हणत तात्या दोन दिवस ठाण मांडून बसले.

अण्णांनी जन्मात मोठ्या भावाला नाही म्हटलं नव्हतं. शेवटी काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "तात्या, आज भारत जिंकला तर कुसुम शिकेल. हरला तर देवळ्याला होकार."

तात्या हसले. "दिला शब्द?"

"दिला."

मी स्वयंपाकघरात उभी. माझं अख्खं आयुष्य अकरा अनोळखी माणसांच्या पायांत! असा राग आला होता अण्णांचा की विचारू नका.

मॅच एक-एक. मग पेनल्ट्या.

अण्णा चप्पल घालून गल्लीच्या नळापाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. तात्यांना फुटबॉलचं सोयरसुतक नव्हतं, ते आत जेवत होते. चाचा बाहेर ओट्यावर, ट्रान्झिस्टर कानाला लावून. मी दारात.

थोड्या वेळाने चाचांचा आवाज आला, "जिंकलो रे गणपत! जिंकलो!"

अण्णांनी चाचांना मिठीच मारली. तात्या हात धुऊन म्हणाले, "बरं बाबा. शब्द म्हंजे शब्द."

मी ट्रान्झिस्टर आत ठेवायला उचलला. सहज बटण फिरवलं.
आवाजच नाही. सेल मेलेले.

सेल मीच संपवले होते. टेन्शन आलं म्हणून दुपारभर गाणी ऐकत बसले होते. पण चाचांनी शेवटपर्यंत ऐकलं असेल, असं मी स्वतःला बजावलं आणि गप्प बसले. सकाळी पेपर आला. भारत खरंच जिंकला होता!

चाळीस वर्षं मी चाचांना विचारलं नाही. भीती वाटायची.

गेल्या आठवड्यात त्यांचं ब्लडप्रेशर बघत होते. त्यांनी माझा हात धरला.

"पोरी, एक झूठ बोललो होतो. दोन-दोन किका झाल्या आन् रेडिओ बंद. मला कायच माहीत नव्हतं. गणपतची पाठ दिसली, तू दारात दिसली... बोलून गेलो."

"चाचा, सेल मी संपवले होते."

ते इतके हसले की खोकला लागला.

मग पुढचं सांगितलं. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच पंचवटी कारंज्यावर पेपर घ्यायला धावले. तर तिथे अण्णा आधीच उभे! हातात पेपर, घडी न मोडलेला.

अण्णा म्हणाले, "सल्या, तुला खोटं बोलता येत नाही. काल तुझं तोंड बघितलं मी."

"मग रात्रीच का नाय बोलला?"

अण्णांनी पेपर त्यांच्या हातात दिला आणि पाठ फिरवली.
"तू बघ. मला पेनल्टी बघवत नाही."

चाचांनी पेपर उघडला. मग दोघं टपरीवर बसून चहा पीत रडले म्हणे.

अण्णांना जाऊन बारा वर्षं झाली. गेल्या आठवड्यापर्यंत मला वाटायचं, त्यांनी माझं आयुष्य एका मॅचवर लावलं. आता कळलं, त्या पहाटे माझ्याहून जास्त घाबरलेला माणूस कारंज्यावर पाठ करून उभा होता.
चाचा, हे सांगून गेलात, फार बरं केलंत.

छत्तीस वर्षं नोकरी करून मागच्या वर्षी मी रिटायर झाले. शेवटचे दोन महिने चाचांची ड्यूटी केली. तीही आज संपली.

चाचा, वर अण्णा कुठेतरी पाठ करून उभे असतील. त्यांना जाऊन सांगा, पोरगी जिंकली.
या वेळी खोटं बोलावं लागणार नाही.

सलाम, चाचा. तुमच्या कुसुमची मनापासून श्रद्धांजली.