पान अठ्ठ्याऐंशी ते एकोणनव्वद

"न वाचलेलं यादीत घालू नये गं, जेवायला न आलेल्या माणसाचं ताट मांडून ठेवल्यासारखं दिसतं ते."

काकू हे एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली होती. पुतणीने हसण्यावारी नेलं. तिच्या प्रबंधाच्या यादीत सहाशे बारा संदर्भ होते. सगळे वाचत बसलं तर भिंती कधी सुकायच्या?

कारण ती भिंतीच सुकवत होती. विद्यापीठाच्या मागच्या आवारात तिने विटांच्या बारा बुटक्या भिंती बांधून घेतल्या होत्या, सहांना चुन्याचा गिलावा, सहांना सिमेंटचा. अठरा महिने रोज सकाळी त्यांना ओल मोजायचं मीटर टेकवून ती आकडे उतरवत होती. आणि आकडे वैर धरल्यासारखे वागत होते. एका जुन्या लेखात लिहिलं होतं की चुन्याची भिंत दुप्पट वेगाने सुकते. पुढे एक्केचाळीस जणांनी त्याचा हवाला दिला, त्यात तिचे मार्गदर्शक सरही होते. हिची चुन्याची भिंत मात्र सिमेंटच्या शंभर दिवसांच्या जागी ब्याण्णव दिवस घेत होती. सरांनी निकाल देऊन टाकला, मीटर बिघडलंय. वहीवर लाल शाईत लिहिलं, 'पुन्हा मोजा'. पुन्हा म्हणजे आणखी अठरा महिने. तयारी आहे की नाही, ते शुक्रवारी सांगायचं होतं.

काकू त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकोणतीस वर्षं काम करत होती. सुरुवातीची वर्षं लाकडी खणांतली कार्डं हाताने लिहिण्यात गेली. संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता रुसून बसणार. ती उलट पंधरा दिवस हवेत होती. एक बटण दाबलं की सहाशे नोंदी हव्या त्या पद्धतीने स्वतःहून रांगेत उभ्या राहतात, हे तिने काकांना जेवताना तीन वेळा सांगितलं. पुढे तिनेच प्राध्यापकांना ते शिकवलं. पण एक खोड गेली नाही. कुणी काही म्हणालं की ती विचारायची, कुठे लिहिलंय, कोणत्या पानावर? म्हणून तिचं नाव पडलं पुरावाबाई. काका म्हणायचे, आमची बायको भांडतानासुद्धा साल आणि पान सांगते, आणि वाईट म्हणजे ते बरोबर निघतं.

गुरुवारी दुपारी पुतणी लॅपटॉप घेऊन काकूच्या टेबलाशी आली. मोजायचं पुन्हा असलं तरी यादी तरी नीट लावून दे, एवढंच तिचं मागणं होतं. चेहरा उतरलेला होता. चष्मा लावून काकू यादी खाली सरकवत गेली, आणि त्या जुन्या लेखाशी थांबली. पान अठ्ठ्याऐंशी ते एकोणनव्वद.

"एवढं मोठं विधान, आणि दोनच पानं?"

"थोडक्यात लिहिलं असेल, काकू."

"भिंती सुकवून दोन पानं? तू आठवडाभराचं गाऱ्हाणं चार पानांत लिहितेस."

मग तिने विचारलं, या नोंदी कुठून आल्या. पुतणीने कबूल केलं की निम्म्या इतरांच्या यादीतून एकगठ्ठा उचलल्या होत्या. सॉफ्टवेअरने सारख्या दिसणाऱ्या नोंदींच्या जोड्या दाखवल्या, आणि हिने त्या न बघता एकत्र करून टाकल्या. सगळेच करतात तसं. काकूने तोवर सॉफ्टवेअरची कचरापेटी उघडली होती. एकत्र करताना नको ठरलेली नोंद तिथे जाऊन पडते, हे तिला पाठ होतं.

तिथे तेच शीर्षक होतं. तेच दोघे लेखक, तेच नियतकालिक. वर्ष फक्त एकाने पुढचं, आणि पानं दोनशे चौदा ते दोनशे एकतीस.

काकू उठली ती थेट तळघराकडे. गुडघ्याला पट्टा बांधलेली सत्तावन्न वर्षांची बाई जिना अशी उतरत होती की पुतणीला मागे धावावं लागलं. खाली लोखंडी कपाटं चाक फिरवून सरकवायची. काकूने चाक फिरवलं, एक अरुंद काळी फट उघडली, आणि तिचा हात न चाचपडता नियतकालिकाच्या त्या पुढच्या वर्षीच्या खंडावर पडला. कुणी खंड नेला की मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का पडतो, तिथे एकही शिक्का नव्हता. आधीच्या वर्षीचा खंड कुणीतरी स्कॅन करून इंटरनेटवर टाकला होता. हा तसाच अंधारात राहिला होता.

पुतणी उभ्या उभ्याच वाचू लागली. यादीतलं दोन पानांचं ते नुसतं निवेदन होतं, भिंती ओल्या असतानाच लिहिलेलं. पुरा लेख हा होता. तिसऱ्या परिच्छेदाशी तिचा आवाज चढला.

"'गेल्या वर्षी घाईने मांडलेला दुपटीचा अंदाज आम्ही मागे घेत आहोत.'"

खाली तक्ता होता. सिमेंटला शंभर दिवस, तर चुन्याला नव्वद.

"काकू, माझे ब्याण्णव आहेत."

"ठाऊक आहे. पान लक्षात ठेव."

मीटर चांगलं होतं. अठरा महिन्यांतली एकही सकाळ फुकट गेली नव्हती. पुतणीला पळत सुटायचं होतं, आणि काकू दारातल्या नोंदवहीत खंडाचा क्रमांक सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहीत होती. ती या पायावरून त्या पायावर नाचत राहिली. काकूने सहीखाली वेळही लिहिली.

सरांची खोली समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. पुरावाबाईंची स्वारी आज इकडे कशी, असं त्यांनी हसत विचारलं. आता भिंतींनाही दाखला मागणार का? काकूने उत्तरादाखल खंड उघडून त्यांच्यासमोर ठेवला आणि तिसऱ्या परिच्छेदाशी बोट टेकवलं. पुतणीने आपली वही शेजारी ठेवली.

सरांनी वाचलं. शीर्षक पाहिलं, वर्ष पाहिलं, पुन्हा वाचलं. त्यांच्या पाठीमागच्या फळीवर त्यांचे स्वतःचे पाच लेख बांधून ठेवलेले होते, आणि पाचांतही तो दुपटीचा हवाला होता. त्यांचे कान लाल झाले. पुतणीला वाटलं, आता ते खंड बाजूला सारतील.

"सर, मीटर बिघडलेलं नाही," ती म्हणाली.

सरांनी वही ओढली. 'पुन्हा मोजा' या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, आकडे ग्राह्य, प्रकरण याच आकड्यांवर लिहावं. सही केली. सही नेहमीपेक्षा बारीक आली. पुतणीने वही दोन्ही हातांनी घेतली.

"एक्केचाळीस माणसं," सर काकूकडे बघत म्हणाले. "एकालाही हे कसं दिसलं नाही हो, बाई?"

काकूने खंड उलटून मागची कोरी चिठ्ठी त्यांना दाखवली. मग खंड मिटला, काखेत धरला, आणि ती खोलीबाहेर पडली.