गाडी आत कुणी बोलावली?

एका गॅरेजमध्ये अकरा वर्षं काढली की किस्से मुद्दाम लक्षात ठेवावे लागत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून चार येतात, आणि आमच्या गॅरेजचे तर सगळे संशयाचे. शारजाच्या औद्योगिक भागातलं ते गॅरेज. मी तिथे स्पेअर पार्ट्सचा स्टोअरकीपर होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची.

आमचे मालक अबू हमद यांना रेसचा नाद. शहराबाहेर वाळूत एक क्लबचा ट्रॅक होता, तिथे थंडीच्या दिवसांत स्टॉक कार रेस व्हायच्या. स्टॉक कार म्हणजे शोरूममधून निघते तशी चार दारांची साधी गाडी. इंजिनाला हात लावायचा नाही. सगळ्यांच्या गाड्या सारख्याच, त्यामुळे रेस ट्रॅकवर कमी आणि पिटमध्ये जास्त जिंकली जायची. पिट म्हणजे ट्रॅकच्या कडेची जागा, जिथे गाडी मध्येच आत घेऊन पेट्रोल भरायचं, टायर बदलायचे. कितव्या फेरीला आत घ्यायची, हे ज्याचं त्याचं गुपित.

आमचं गुपित सांभाळायचे फोरमन लोपीस. वसईचे, पन्नाशीचे, दर शुक्रवारी सकाळी चर्चला जाऊन मग ट्रॅकवर येणारे. त्यांचा देवावर विश्वास होता. बाकी कुणावर नव्हता.

लोपीस रेसचं सगळं मराठीत लिहायचे. आजूबाजूला मल्याळी, पठाण, फिलिपिनो. वाचणार कोण?

मागच्या गल्लीत कुरियनचं गॅरेज होतं, आमचे कायमचे प्रतिस्पर्धी. एकदा लोपीसच्या खिशातला कागद चहाच्या टपरीवर पडला आणि तो थेट कुरियनकडे पोचला. त्यांच्याकडे पत्र्याचे पोचे काढणारा भोपाळचा एक डेंटर होता. त्याला अक्षरं वाचता यायची, मराठी यायचं नाही. "सुकट अर्धा" याचा त्याला पत्ता लागेना. "चिंच पाव" म्हणजे टायरमधली हवा असणार, असं त्यांनी ठरवलं. शेवटची ओळ मात्र अगदी स्पष्ट होती. "अंडी तीस."

त्या शुक्रवारी कुरियनची गाडी बरोब्बर तिसाव्या फेरीला आत आली. आमची यायचं काही चिन्ह दिसेना, तशी त्यांची माणसं मान उंच करकरून आमच्याकडे बघत राहिली.

लोपीस मला म्हणाले, "सावंत, माझी वाण्याची यादी हरवलीय. कुणाला सापडली असेल हो?"

रेसच्या आधी गाडीची तपासणी व्हायची. क्लबचे मुख्य अधिकारी एक रिटायर्ड इंग्रज गृहस्थ होते. त्यांचा आमच्या गाडीवर खास डोळा. शोरूममध्ये नसलेला एक स्क्रू जरी जास्त सापडला तरी गाडी बाहेर.

एकदा ते बंपरखाली वाकले आणि तसेच थांबले. आमचा इलेक्ट्रिशियन शिंदे, कराडचा. त्याने तिथे लिंबू-मिरची बांधली होती. साहेबांनी टॉर्च मारला, वास घेतला, मग विचारलं, "याचं काम काय?"

शिंदेचं तोंड उतरलं. लोपीस पुढे झाले. "सर, सेफ्टी."

"ही शोरूममधून आलेली वस्तू नाही."

"सर," लोपीस शांतपणे म्हणाले, "आमच्या इंडियात शोरूमवालेच लावून देतात."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. लिंबू राहिलं. पुढच्या रेसला कुरियनच्या गाडीलाही एक टांगलेलं दिसलं.

पिटचा सराव आम्ही गॅरेजच्या मागच्या मोकळ्या गल्लीत करायचो. रेस नसलेल्या शुक्रवारी दुपारी, तेव्हा तिथे चिटपाखरू नसे. लोपीस स्टॉपवॉच धरायचे. गाडी येऊन थांबली की आम्ही चौघं धावायचो, जॅक लावायचा, चाकं काढायची.

एका दुपारी पोलिसांची गाडी आली. त्यांना दिसलं ते असं, की ओसाड गल्लीत चार माणसं एका गाडीची चाकं काढतायत आणि एक म्हातारा "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, म्हणत घड्याळ बघतोय. आम्हाला भिंतीला लावून उभं केलं. पताका तपासल्या. पताका म्हणजे तिथलं ओळखपत्र, ते खिशात नसेल तर माणूस गेलाच.

अबू हमदना फोन गेला. ते येईपर्यंत अर्धा तास आम्ही उन्हात. त्यांनी येऊन अरबीत सगळं समजावलं. पोलीस हसला नाही. म्हणाला, "मग करून दाखवा."

आम्ही करून दाखवलं. इतक्या घाबरलेल्या हातांनी आम्ही कधीच चाकं बदलली नव्हती. त्याने स्वतःच्या घड्याळात बघितलं, गाडीत बसला, काच खाली केली आणि शिंदेकडे बोट दाखवून अबू हमदना म्हणाला, "हा स्लो आहे."

एक किस्सा मात्र मला अजून हसून सांगता येत नाही.

एका सीझनला कुरियनची गाडी दर वेळी आमच्या एक फेरी आधी आत यायला लागली. कुणीतरी फोडत होतं. लोपीसनी आमच्यासाठी सापळा लावला. आमचा ड्रायव्हर नबील, लेबनॉनचा, त्याला सांगितलं, अठ्ठावीस. शिंदेला एकतीस. मला चौतीस. खरा आकडा ते कुणालाच सांगणार नव्हते.

कुरियनची गाडी तेहेतिसाव्या फेरीला आत आली.

लोपीस ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून स्टोअरची किल्ली मागून घेतली. एवढंच. तीन आठवडे माझ्यासोबत कुणी चहा प्यायलं नाही. माझा व्हिसा अबू हमदच्या हातात, पासपोर्ट त्यांच्या कपाटात. घरी बायको म्हणाली, "तुम्ही खरंच कुणाला बोलला नाहीत ना?" तिनेही विचारावं, हे मला फार लागलं. मी जेवणावरून उठलो.

आमची केतकी तेव्हा नऊ वर्षांची, शेजारी बसून होमवर्क करत होती. मान वर न करता म्हणाली, "पापा, जिबिन आस्क्ड मी. सो आय टोल्ड हिम."

जिबिन म्हणजे कुरियनचा मुलगा. दोघं एकाच स्कूल बसमध्ये. मी बायकोशी जेवताना जे बोलायचो ते सकाळी बसमध्ये जिबिनला कळायचं आणि दुपारी कुरियनच्या घरी पोचायचं.

"अगं, ते सिक्रेट होतं!"

"बट इट वॉज जस्ट अ नंबर."

मी तिला घेऊन लोपीसकडे गेलो. तिने पुन्हा सगळं सांगितलं, न घाबरता.  लोपीसनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. माफी वगैरे मागितली नाही, पण हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

आम्ही निघताना हळूच म्हणाले, "पोरगी गुणाची आहे, सावंत. तिच्यासमोर जेवत जाऊ नका."

आणि आता ती शेवटची रेस. सीझनची सगळ्यात मोठी, साठ फेऱ्यांची. ही मी आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्याने मला एकच प्रश्न विचारला, आणि मला उत्तर देता आलेलं नाही.

टाकी भरली की गाडी साधारण अडतीस फेऱ्या जायची. त्यामुळे सगळेच पस्तिसाव्या फेरीच्या आसपास आत येणार, आमचंही तेच ठरलेलं. नबील चौथा चालला होता. चोविसाव्या फेरीला लोपीस आणि मी पेट्रोलचे कॅन मोजत होतो, तेवढ्यात आमची गाडी पिटमध्ये शिरली.

"कुणी बोलावली?" लोपीस किंचाळले. बोलावण्यासाठी एक काळा बोर्ड असायचा, तो पिटच्या कठड्यावरून ड्रायव्हरला दाखवायचा. शिंदे टॉयलेटकडून धावत आला. विचारायला वेळ नव्हता. नबीलने हेल्मेट न काढता फक्त टाकीकडे बोट केलं. भरलं पेट्रोल, बदलले टायर, गेला. आम्ही चौथ्यावरून शेवटच्या नंबरावर. लोपीस खुर्चीत बसले आणि त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली.

पुढच्याच फेरीला, वळणावर एक गाडी उलटली.

पिवळे झेंडे निघाले. क्लबचा नियम असा, की पिवळा झेंडा असेपर्यंत सगळ्यांनी हळू एकामागून एक चालायचं, आणि पिट बंद. उलटलेली गाडी वाळूतून काढायला वेळ लागला, इतका की पस्तिसावी फेरी तशीच गेली. आमची टाकी भरलेली, बाकीच्यांच्या रिकाम्या होत चाललेल्या. दोन गाड्या ट्रॅकवरच बंद पडल्या. पिट उघडलं तेव्हा सगळे एकदम आत घुसले, कुरियनची गाडी रांगेत तिसरी अडकली. नबील सगळ्यांच्या बाजूने सरळ निघून गेला. उरलेलं पेट्रोल त्याने जपून जपून वापरलं आणि रेस जिंकली.

आम्ही नाचत असतानाच कुरियनने लेखी तक्रार दिली. कारण उलटलेल्या गाडीचा ड्रायव्हर नबीलचा रूममेट होता. एकाच गावचे, एकाच फ्लॅटमध्ये राहणारे, म्हणजे गाडी ठरवूनच उलटवली, असं त्याचं म्हणणं.

आम्हाला क्लबच्या केबिनमध्ये बोलावलं. तेच इंग्रज साहेब. नबील तेव्हा रूममेटला बघायला मेडिकलच्या तंबूत गेलेला. त्याचा खांदा निखळला होता, बाकी ठीक होता.

साहेब म्हणाले, "एकच प्रश्न. तुमचा ड्रायव्हर स्वतःहून आत आला, की तुम्ही बोलावला?"

स्वतःहून आला म्हटलं तर त्याचा अर्थ काय निघणार, ते सगळ्यांनाच कळत होतं. कप गेलाच असता, नबीलची नोकरी आणि व्हिसाही गेला असता.

"मी बोलावला, सर," लोपीस म्हणाले. ते तेव्हा माझ्या शेजारी कॅन मोजत होते.

"मी बोर्ड दाखवला, सर," शिंदे त्याच क्षणी म्हणाला.

"माझी ऑर्डर होती," अबू हमद म्हणाले. ते दुपारभर व्हीआयपी तंबूत होते.

साहेबांनी तिघांकडे पाहिलं, मग पेन माझ्याकडे रोखलं. "आणि तुम्ही?"

"मीच, सर," मी म्हणालो.

त्यांनी कागद पुढे सरकवला. आम्ही चौघांनी सह्या केल्या. तक्रार फेटाळली गेली.

बाहेर आलो. लोपीसनी शिंदेकडे पाहिलं, शिंदेने माझ्याकडे, मी अबू हमदकडे. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने दाखवला असणार.

नबील तंबूतून येत होता. घामाने भिजलेला, हातात रूममेटचं हेल्मेट.

"काय विचारलं?" त्याने विचारलं.

"बोर्ड कुणी दाखवला म्हणून," मी म्हणालो.

नबील थांबला.

"कुठला बोर्ड, हबीबी?"