सोमवारची साखर

फिरत्या दवाखान्याची गाडी सोमवारी यावी, ही अक्कल माझी. आधी ती महिन्यातून एकदा बुधवारी कसालहून निघायची आणि मालवणच्या किनाऱ्यावरच्या त्या वाडीत दहाला येऊन उभी राहायची. मासे विकणाऱ्या बायका तेव्हा बाजारात. दुपारपर्यंत आमच्याकडे गुडघे धरलेले दोन म्हातारे, बस्स. डॉक्टर तरुण, घाटावरचे. त्यांना वाटायचं, या लोकांना तब्येतीची कदरच नाही. मी गाडीवरची नर्स, पण इथलीच. मी म्हटलं, अहो, सोमवारी इथे निम्म्या घरांत मासे शिजत नाहीत, बाजार थंड असतो, बायका घरी सापडतील. अर्ज वर गेला, दिवस बदलला आणि पहिल्याच सोमवारी रांग रस्त्यावर आली. त्या दिवशी मी गाडीत अशी मिरवले की विचारू नका.

गाडीचा उपयोग झाला नाही, असं मी म्हणणार नाही. उभ्या जन्मात ज्यांचा रक्तदाब कुणी मोजला नव्हता, त्या बायका गोळ्या घेऊ लागल्या. एकीच्या छातीतली गाठ वेळेवर कळली. या रांगेत काकी पहिली असायची. नात्याने ती माझी कुणी नव्हती, वयाने मोठी म्हणून काकी. नवरा गेल्यापासून घर तिच्या मासळीच्या टोपलीवर चालायचं आणि टोपली तिच्या पायांवर. वाडीवाडीत फिरून विकायची ती. आई मधुमेहाने गेली होती, म्हणून तिला साखरेची धास्ती. दर महिन्याला बोट पुढे करून माझ्याकडे बघत बसायची. एकशे पंधरा, एकशे वीस. मी म्हणायचे, ठीक आहे काकी, जा. ती हात जोडून उतरायची.

कागदावर एक रकाना होता: सकाळी काही खाल्लं का. मी तो वरपासून खालपर्यंत एका दमात ‘हो’ लिहून भरायचे. दहा-अकरा वाजता आमच्याकडे पेज पोटात गेलेलीच असते, त्यात विचारायचं काय? अंगात शहाणपण जास्त झालं की असं होतं.

एकदा ती म्हणाली की हल्ली पाय बधिर असतात, चप्पल निघून पडली तरी कळत नाही. मी हसून म्हटलं, बंदरावर बर्फात उभं राहून राहून तुझे पायही मासळीसारखे झालेत. तीही हसली. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. गंमत कोण सांगतं?

तिसऱ्या वर्षी, नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा समुद्रात गेल्यानंतरच्या सोमवारी, काकी लंगडत आली. शिंगाळा माशाचा काटा तळव्यात घुसला होता. तिला पत्ताच नव्हता, सुनेला लादीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. त्यालाही आता आठवडा झाला होता. डॉक्टरांनी फडकं सोडलं तर पायाची दोन बोटं काळी पडलेली. साखर बघितली, एकशे अडतीस. डॉक्टरांनी आकडा बघितला, पाय बघितला आणि तिला विचारलं की सकाळी काय खाल्लं.

“पेज खंयची? आज सोमवार ना माजो,” काकी म्हणाली.

तिचा उपास. रांगेतल्या अर्ध्याअधिक बायकांचा उपास. रात्रीच्या जेवणानंतर पोटात नुसता कोरा चहा. पेज खाऊन एकशे वीस म्हणजे ठीक, उपाशीपोटी एकशे वीस म्हणजे धोक्याची घंटा. डॉक्टरांनी मागचे कागद काढले आणि माझ्या अक्षरातले सगळे ‘हो’ एकेक करून बघितले. आणि सोमवार तर मीही करते. त्या गाडीत मी स्वतः उपाशी पोटी बसून दुसऱ्यांच्या बोटांना सुया टोचत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात जेवणानंतर साखर बघितली, ती तीनशेच्या वर होती. तिथून गोव्याला नेलं. आधी बोटं काढली, मग गुडघ्याखालून पाय.

मी गाडीचा दिवस बदलायला लावला. गुरुवार केला. तीन महिने पुन्हा तेच दोन म्हातारे, म्हणून वरून पुन्हा सोमवार आला. आता मी प्रत्येकीला विचारते, खाल्लंस का. सगळ्या हो म्हणतात. नाही म्हटलं तर मी त्यांना जेवून दुसऱ्या दिवशी इस्पितळात जायला सांगणार आणि त्यांचा बाजार बुडणार, हे त्यांना ठाऊक आहे. त्या खोटं बोलतात हे मला ठाऊक आहे. मी ‘हो’ लिहिते.

काकीकडे जायला मला पाच महिने लागले. ती पडवीत खाटेवर बसली होती, टोपली सुनेकडे गेली होती. घरातून निघताना बोलायचं ठरवलं होतं ते सगळं मी बोलले. चूक माझी होती, विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. शिव्या खायची तयारी करून गेले होते. मग साडीचा काठ उरलेल्या पायावर नीट ओढून तिने मला समजावून सांगितलं, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात:

“तू दर म्हयन्याक साखर बघीत होतंस, बाय. म्हणान मी पायाकडे बघूक नाय.”