खात्रीभाऊंचा हात

आमच्या ह्यांना यार्डात सगळे खात्रीभाऊ म्हणतात. शहराबाहेर ट्रॅक्टर विकणाऱ्यांचं मोठं यार्ड आहे, तिथून ट्रॅक्टर आणि त्यामागची अवजारं ट्रकच्या ट्रेलरवर चढवायची आणि गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उतरवायची, हे ह्यांचं काम. सव्वीस वर्षं झाली. कुणी म्हणालं, "भाऊ, बांधलं," की हे विचारणार, "खात्री केली?" आणि समोरच्यानं कितीही शपथा घेतल्या तरी स्वतः जाऊन साखळी हातानं ओढून बघणार. लग्नात मंगळसूत्र घातल्यावरसुद्धा ह्यांनी मागचा फासा दोनदा चाचपला होता. भटजी हसले होते, मी लाजून चूर झाले होते.

पण खात्री झाली की माणूस निवांत. जेवायला बसले की बसले. गाडी म्हणजे ह्यांचा जीव होता, ती एकदा बांधून रस्त्याला लागली की ह्यांच्यासारखा सुखी माणूस नाही. माझंच डोकं गरम. मी शिवणकाम करते, गाड्यांच्या सीटची कव्हरं, ताडपत्र्या, दिवसभर मशीनची घरघर आणि गिऱ्हाइकांची भुणभुण. घरात आदळआपट करायचं खातं माझ्याकडे आणि शांत बसायचं ह्यांच्याकडे, अशी आमची वाटणी होती.

ती वाटणी गेल्या आठ महिन्यांत बिघडली. जेवता जेवता उठायचे आणि गॅसचं बटण बघून यायचे. दोन घास खाऊन पुन्हा उठायचे, दाराची कडी बघून यायचे. जिन्यावरून अर्ध्यातून परत, का तर गाडीला कुलूप लावलं का. मी म्हटलं, "पायाला भिंगरी लागलीय का? बसा की एका जागी!" तर म्हणाले, "बसलोच आहे." बसलेत कुठले! उभे होते.

आणि मग तो टी-शर्ट. जन्मभर बटणांचा शर्ट घालणारा माणूस एक दिवस बाजारातून सहा टी-शर्ट घेऊन आला. पट्ट्याचे सँडल गेले, पाय सरकवायच्या चपला आल्या. जेवायला चमचा लागायला लागला. धाकट्या बहिणीला मी हे फोनवर सांगितलं, तर ती बया काय म्हणते, "ताई, पन्नाशी उलटल्यावर दाजींना टी-शर्ट सुचतायत? चमच्यानं जेवतायत? डोळे उघड गं बाई." पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. हा माणूस माझ्यापासून काहीतरी लपवतोय, एवढं नक्की होतं. काय, ते मला कळायलाच हवं होतं. त्याशिवाय मला अन्न गोड लागेना.

म्हणून त्या दिवशी मी सकाळी डबा घेऊन सरळ यार्डात जाऊन उभी राहिले. म्हटलं, आज मी बरोबर येणार.

हे ट्रॅक्टरच्या सीटवर होते. ट्रॅक्टर नुकताच ट्रेलरवर चढवला होता. मागे गवत कापायचं यंत्र जोडलेलं, पलंगाएवढं रुंद, खाली पाती. कुठल्याशा मोठ्या मैदानासाठी ते जायचं होतं, सत्तर किलोमीटर. चढवताना ते यंत्र उचललेलं असतं. बांधायच्या आधी मात्र ते ट्रेलरच्या पत्र्यावर टेकवायचंच, कारण तेलाच्या दाबावर अधांतरी ठेवलेलं यंत्र रस्त्यात हळूहळू आपोआप खाली बसतं, आणि ते बसलं की आवळून बांधलेली साखळी ढिली पडते. हे मी कुठे शिकले? सव्वीस वर्षं जेवताना ऐकलंय. रात्रंदिवस तेच ऐकवायचे, दुसरं काय.

"तू इथे कशाला?" हे वरूनच ओरडले.

"का? येऊ नये? कुणी वाट बघतंय का तिकडे?"

"काहीतरी बडबडू नकोस. लोक आहेत."

"असू देत की. त्यांनाही कळू दे, नवाकोरा टी-शर्ट घालून कुठे निघालात ते!"

यार्डातले हमाल तोंड फिरवून हसायला लागले. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. यंत्र खाली सोडायचा दांडा सीटच्या उजव्या अंगाला असतो, मांडीच्या मागे. तिकडे कुणी बघत नाही, खाचेत बसला की हातालाच कळतं. माझ्याकडे बघत, माझ्याशी भांडत ह्यांनी तो ढकलला, ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरून चारी साखळ्या लावल्या आणि म्हणाले, "चढ आता. बस एकदाची."

मी चढले. जिंकल्यासारखं वाटलं होतं मला. धन्य माझ्या अकलेची.

दहा किलोमीटर गेलो नाही तोच गाडी कडेला. हे उतरले, मागे गेले, चक्कर मारून आले. "ठीक आहे." पुन्हा निघालो. पुन्हा दहा किलोमीटर, पुन्हा कडेला. "अहो, आत्ताच तर बघितलं ना?" "बघावं लागतं." पूर्वी सुरुवातीला एकदा थांबायचे आणि मग तासाने एकदा. हे मला ठाऊक होतं, कारण ते गर्वानं सांगायचे. आता चालवतानाही सारखे आरशात बघत होते, मानेवर घाम, खिडकीची काच खाली काय, वर काय. गिअर टाकताना प्रत्येक वेळी खाली नजर टाकायचे. सव्वीस वर्षांचा ड्रायव्हर गिअरकडे बघतो? मी म्हटलं, मनात खोट आहे म्हणून माणसाचं चित्त ठिकाणावर नाही. आणि मीही शेजारी चुळबुळत, रागानं डब्याची पिशवी ह्या मांडीवरून त्या मांडीवर ठेवत बसले होते.

चौथ्यांदा थांबलो तेव्हा हे फेरी मारून आले आणि म्हणाले, "ठीक आहे. सगळ्या साखळ्यांना हात लावून बघितलं." माझे पाय आखडले होते. मी म्हटलं, "थांबा, मीही जरा उतरते," आणि मागे गेले.

यंत्राच्या डाव्या बाजूची साखळी लोंबत होती. थोडीथोडकी नाही, कपडे वाळत घालायची दोरी लोंबते तशी. उजव्या बाजूचीही तीच गत. यंत्र पत्र्यावर बसलं होतं, पण तिरकं, एक कोपरा बाहेर रस्त्याच्या बाजूला सरकलेला. आमच्या सावलीनं एक जोडपं स्कूटरवर मघापासून मागे मागे येत होतं, मी आरशात बघितलं होतं त्यांना. बाईच्या मांडीवर मूल होतं. आम्ही थांबल्यावर ते पुढे निघून गेले, नाहीतर...

"अहो! इकडे या!"

हे आले. मी साखळी हलवून दाखवली, ती खुळखुळ वाजली.

"ही बघितली होती?"

"आत्ताच बघितली. मागून ट्रक येत होता म्हणून नजर रस्त्यावर होती, पण हात लावला होता."

"हात लावला होता? ओढून?"

"हो."

"मग लागली नाही हाताला? ही अशी?"

ह्यांनी साखळीकडे बघितलं, मग वर ट्रॅक्टरच्या त्या दांड्याकडे. दांडा खाचेच्या अलीकडेच राहिला होता. म्हणजे यार्डातून निघतानाच यंत्र पत्र्यापासून चार बोटं वर राहिलं होतं, आणि ह्यांनी ते तसंच बांधलं होतं. खात्रीभाऊंनी! दुसऱ्या कुणी अशी चूक केली असती तर त्याला ह्यांनी यार्डात उभं राहू दिलं नसतं. माझा राग एकदम कुठल्या कुठे गेला आणि भीती वाटायला लागली.

मी ह्यांचा उजवा हात पुढे ओढला. "डोळे मिटा."

"कशाला नाटकं?"

"मिटा म्हणते ना."

मिटले. ट्रॅक्टरची किल्ली ह्यांच्या खिशातून अर्धी बाहेर आली होती, ती काढून मी ह्यांच्या तळव्यावर ठेवली. बोटभर लांबीची लोखंडी किल्ली, वर पितळेचा बिल्ला. तळवा नुसता उघडा.

"अगं, ठेव ना काय ठेवायचंय ते," हे म्हणाले.

देवा. मी ट्रेलरच्या चाकाला टेकले. ह्यांनी डोळे उघडले, तळव्याकडे बघितलं आणि किल्ली पाडून द्यावी तसा हात खाली सोडला.

"कधीपासून?"

"आठ महिने. आधी टोकं बधिर झाली. मग सगळंच."

"आणि डावा?"

"करंगळीला आत्ता आत्ता सुरू झालंय."

बटणं. पट्ट्याचे सँडल. चमचा. मी बोटांवर पोट भरणारी बाई, कापडाचं सूत न् सूत मला नुसत्या हाताला कळतं, आणि माझ्याच घरातल्या माणसाची बोटं मेलेली मला आठ महिने दिसली नाहीत. मला काय दिसलं, तर टी-शर्ट!

"डॉक्टरकडे का गेला नाहीत?"

"डॉक्टरनं कागदावर लिहिलं की संपलं. परवाना गेला. मग मी काय करू? घरात बसून तुझ्या सुईत दोरा ओवू?"

"सुईत दोरा ओवायलाही बोटं लागतात," माझ्या तोंडून निघून गेलं. बोलल्यावर जीभ हासडून घ्यावी असं वाटलं. पण शब्द काय परत येतो?

हे रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले, लगेच उठले, ट्रकला एक वळसा घालून आले, पुन्हा बसले. "गॅस बंद करतो," म्हणाले, "पण केला का? कडी लावतो, पण लागली का? हाताला कळत नाही, मग डोक्याला पटत नाही. आठ महिने एक गोष्ट माझ्याकडून पुरी झाली असं वाटलेलं नाही गं. म्हणून थांबतो. दहा दहा किलोमीटरला थांबलं की वाटतं, काही होणार नाही."

"आज झालं असतं."

"हो," म्हणाले. "आज झालं असतं."

मी किल्ली उचलून माझ्या पर्समध्ये टाकली. ट्रकचीही काढून घेतली. म्हटलं, "सुसाटला फोन लावा."

सुसाट म्हणजे त्याच यार्डातला दुसरा ड्रायव्हर. गाडी हाणायचा म्हणून ते नाव. 'मेलो तरी माझी गाडी त्याच्या हातात देणार नाही,' हे ह्यांचं वाक्य घरातल्या भिंतींनाही पाठ झालं असेल. ह्यांनी फोन लावला नाही. मग मीच लावला.

तो यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी रस्त्याच्या कडेनं इतक्या येरझाऱ्या घातल्या की गवत झोपलं. हे उठून साखळीपाशी जायचे, हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. डबा उघडायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही. सुसाट कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आला, उतरला आणि लोंबती साखळी बघून थबकला. एरवी ह्या पठ्ठ्यानं गावभर केलं असतं, आज त्यानं हळूच विचारलं,

"भाऊ, काय झालं?"

मी म्हटलं, "हात दुखतोय त्यांचा."

"दुखत नाहीये," हे म्हणाले. "दुखलं असतं तर बरं होतं. काही कळतच नाहीये."

सुसाटनं माझ्याकडून किल्ल्या घेतल्या. मग ट्रॅक्टरवर चढला, सुरू केला, यंत्र उचलून सरळ केलं आणि खाली टेकवलं. दांडा खाचेत बसल्याचा खट् आवाज मला खालपर्यंत ऐकू आला. साखळ्या पुन्हा आवळल्या. हे खाली उभे राहून सांगत होते, "अजून एक दाता आवळ. तिथे पीळ पडलाय, सोडव." आणि तो "हो भाऊ, हो भाऊ" करत होता. मग आम्ही तिघं पुढे बसलो, हे मधे, गुडघे आखडून. सुसाटनं उरलेला रस्ता बैलगाडीच्या वेगानं कापला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तरी हे सगळा वेळ एकदा आरशात, एकदा त्याच्या हातांकडे बघत होते, आणि उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

मैदानाच्या फाटकाशी तिथला माळी वाट बघत होता. ह्यांची त्याची जुनी ओळख. "काय खात्रीभाऊ, आज उशीर? तुमचा म्हणजे घड्याळ लावून घ्यावं असा कारभार!" सुसाटनं ट्रॅक्टर उतरवला, यंत्र गवतावर ठेवलं. माळ्यानं चारी बाजूंनी बघितलं, खूष झाला, आणि पोचपावतीचा कागद पुठ्ठ्याला लावून पेनासकट नेहमीसारखा ह्यांच्यापुढे धरला. खाली ठसठशीत छापलेलं होतं, चालकाची सही.

ह्यांनी पेन घेतलं. बोटांकडे बघत बघत ते नीट धरलं, कागदावर टेकवलंही. मी मनात म्हणत होते, करा सही, एवढी एक करा, मी काही बोलणार नाही. तेवढ्यात ह्यांनी पेन उचललं आणि सुसाटच्या हातात दिलं.

"ह्याची घ्या. चालक हा आहे."

माळी गोंधळला. ह्यांच्याकडे, माझ्याकडे, ट्रककडे बघायला लागला. "आणि मग तुम्ही हो, भाऊ?"

मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, पण ह्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं.

"मी?" हे म्हणाले. "मी नुसता बरोबर आलोय." आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.