पिंपांच्या पुलावरची सवारी

शामराव गजभिये यांनी बत्तीस वर्षं सरकारी गाडी चालवली आणि एकदाही कुठे घासली नाही. नियमाच्या बाबतीत माणूस भलता हट्टी. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबायचा आणि मागच्यांच्या शिव्या निमूट ऐकून घ्यायचा. बायकोनं, प्रभावतीबाईंनी, त्या स्वभावापुढे केव्हाच हात टेकले होते.

रिटायर झाल्यावर दिल्लीतल्या आर. के. पुरमचं क्वार्टर सुटलं आणि दोघं यमुनेपलीकडच्या एका गावात दोन खोल्यांत राहायला गेली. पण रविवारची वंदना जुन्या कॉलनीतल्या विहारातच करायची, हे प्रभावतीबाईंचं पक्कं. त्या वाटेवर पिंपांचा पूल लागतो. नदीत लोखंडी पिंपं ओळीनं बांधलेली, त्यांवर लाकडं, लाकडांवर जाड पत्रे. पावसाळ्याआधी सगळं सोडून काठावर ओढून ठेवतात, थंडीच्या तोंडावर परत जोडतात. गाडी चढली की पूल चाकाखाली दबतो आणि पुढे वर येतो. स्टिअरिंग हातात ठरत नाही. पहिल्या गिअरमध्ये सावकाश जायचं, मध्ये थांबायचं नाही.

पुलाच्या तोंडाशीच पाटी आहे, सवारी, म्हणजे आत बसलेली माणसं, उतरवून गाडी रिकामी न्यावी. ती वाचतो कोण? लोक अख्खं कुटुंब भरून गाड्या दामटतात, चौकीदार मान वर करून बघतसुद्धा नाही. थांबायचे ते एकटे शामराव. प्रभावतीबाई उतरायच्या, गाडी पुढे जायची आणि त्या मागून चालत यायच्या.

जूनमधल्या त्या रविवारी पूल अगदी खिळखिळा झाला होता. खिळे निघालेले, पत्रे चालता चालता वाजत होते. शामरावांनी चौकीदाराला हटकलं, तर तो म्हणाला, "अंकलजी, आठ दिन में तो पुल ही हट जाएगा."

प्रभावतीबाई गाडीतच म्हणाल्या, "अहो, आज बसू द्या ना. गुडघा फार ठणकतोय."

"पाच मिनिटांचं तर चालणं आहे, प्रभा. नियम काय फक्त दुसऱ्यांसाठी असतात? चलो."

त्या उतरल्या. हातात फुलांची आणि मेणबत्त्यांची पिशवी होती.

मध्यावर मागच्या चाकाखाली एक पत्रा दणकन वाजला आणि सरकला. शामरावांना तो चांगला जाणवला. पण मध्ये थांबायचं नाही, हाही नियमच. पलीकडे गेल्यावर सांगू, असं म्हणून ते पुढे गेले. मग त्यांनी आरशात पाहिलं. पांढरी साडी कमरेपासून वरचीच दिसत होती.

पत्र्याच्या फटीतून प्रभावतीबाईंचा पाय मांडीपर्यंत खाली गेला होता. खुब्याचं हाड मोडलं. दोन ऑपरेशनं झाली, पण त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. लेक समता दिल्लीतल्याच द्वारकेहून येऊन महिनाभर राहिली. ठेकेदाराला, चौकीदाराला, सगळ्यांना तिनं नावं ठेवली. आपल्या बाबांना मात्र नाही. प्रभावतीबाईंनीही त्या दिवसाचा विषय एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं शामरावांना वाटायचं. पत्रा त्यांच्याच चाकानं सरकवला होता, आणि तिला खालीही त्यांनीच उतरवलं होतं. हे ऐकवणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून ते स्वतःच स्वतःला ऐकवत राहायचे.

नोव्हेंबरात पूल पुन्हा जोडला गेला. "या रविवारी विहारात जाऊ," प्रभावतीबाईच म्हणाल्या. शामरावांनी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. चाकांची खुर्ची डिकीत ठेवली.

पाटीपाशी आल्यावर त्यांचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. गाडी थांबली. प्रभावतीबाई बाहेर नदीकडे बघत होत्या. तशाच बघता बघता त्यांनी पट्टा सोडला, पदर सावरला, पिशवी हातात घेतली आणि म्हणाल्या, "उतरू ना?"

मग त्यांचं स्वतःच्या पायांकडे लक्ष गेलं आणि त्यांनी पिशवी परत मांडीवर ठेवली.

शामरावांनी वाकून पट्टा पुन्हा लावला. त्यांना खटका लवकर सापडेना. "बसून राहा," ते म्हणाले आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. जूनमध्ये एवढंच म्हणायचं होतं.