तीन सेकंदांची मुदत

पाक मोकोंनी जन्मभर एकच प्रश्न विचारला, 'चालू आहे का अजून?' इंडोनेशियातल्या सेमारांगमधल्या मोबाइल कंपनीत एकोणतीस वर्षं त्यांनी हेच केलं, आणि ते कामात पक्के होते, यात शंका नको. सगळं ऑफिस त्यांना मानानं 'पाक' म्हणायचं. त्यांच्यासमोर 'पण' म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

काम काय, तर असं. तुम्ही फोन लावता तेव्हा आत दोन यंत्रं तुमच्या सेशनची, म्हणजे चालू कॉलची, नोंद धरून बसतात. एक तुम्हाला वाट देतं, दुसरं नियम सांभाळतं. कधीकधी एकाकडची नोंद मिटते आणि दुसऱ्याला पत्ताच लागत नाही. मग ते बापडं गेलेल्या माणसाची जागा अडवून बसतं. म्हणून ते पहिल्याला विचारतं, 'हे सेशन तुझ्याकडं अजून जिवंत आहे का?' 'आहे' आलं तर ठेवायचं, 'नाही' आलं तर पुसायचं. आणि उत्तरच आलं नाही तर? पुन्हा एकदा विचारायचं. तरीही गप्प, तर मेलं समजून पुसायचं. किती वेळ गप्प राहिलं की मेलं समजायचं, ते पाक मोको ठरवायचे.

त्यांचा थोरला भाऊ तेजो दूर समारिंदाला असायचा. दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. झालं होतं असं, की आई गेल्यावर तेजोनं फोनवर विचारलं, "आईचं घर विकून टाकू या ना रे?" मोको म्हणाले, "इंग्गिह." आता जावा बेटावरचा हा शब्द मोठा फसवा! धाकटा थोरल्यापुढं 'इंग्गिह' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'हो' असतो, नाहीतर नुसतं 'ऐकलं' असतो. थोरल्याला तोंडावर 'नाही' म्हणायची रीतच नाही. मोकोंना 'ऐकलं' म्हणायचं होतं, तेजोनं 'हो' धरलं. घर विकलं गेलं, आणि चार नातेवाइकांच्या देखत मोको भावाला म्हणाले, "आईला विकलंस तू!" आपण 'इंग्गिह' म्हणालो होतो, हे तेवढं गिळून टाकलं. तेजोही मानी. त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही.

यंदा तेजोला अर्धांगाचा झटका आला. लास्मीवहिनीचा निरोप आला, "त्यांना सगळं कळतं, पण शब्द यायला फार वेळ लागतो. दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही म्हणतात. लेबारानला, ईदच्या दिवशी, फोन करा भावजी. बोलून झालं की थांबा जरा."

लेबारानच्या सकाळी धाकट्यानं माफी मागायची आणि थोरल्यानं द्यायची. नऊ वर्षं मोकोंची जीभ रेटली नव्हती. या वेळी त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं, घराचं सगळं कबूल करायचं.

सणाच्या आदल्या आठवड्यात मेलेल्या नोंदींनी यंत्र तुडुंब भरलं. पाक मोकोंनी उत्तराची मुदत दहा सेकंदांवरून तीनवर आणली. उत्तर देणारं यंत्र एन्दाह नावाच्या मुलीकडं होतं. तिला विचारलं, "तीन सेकंद पुरे झाले ना?"

ती मान खाली घालून म्हणाली, "इंग्गिह, पाक."

"झालं तर मग!" म्हणून त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

लेबारानच्या सकाळी नमाज झाली. घरात केतुपात, झावळीच्या पुड्यांतला भात, वाफाळत होता, पाहुण्यांचा गलबला होता. मोको नव्या सारोंग लुंगीतच गच्चीवर गेले आणि फोन लावला. वहिनीनं उचलला, "धरते हं त्यांच्या कानाशी."

"दादा, मी मोको." "घराला मी इंग्गिह म्हणालो होतो. तुम्ही खोटे नव्हता, मी होतो. माफ करा मला."

पलीकडं नुसता श्वास. मोको थांबले. खरंच थांबले हो! बऱ्याच वेळानं जड आवाज आला, "मो..." आणि फोन तुटला.

त्यांनी हातातल्या फोनकडं बघितलं. चेहरा तापला. ठेवला! माझं सगळं ऐकून घेतलं आणि ठेवला! नऊ वर्षांचा जुना राग भस्सकन वर आला. "नको तर नको," म्हणत ते खाली उतरले आणि केतुपात खायला बसले. घास काही उतरेना.

दहाला ड्यूटीवर गेले तर ऑफिसात हलकल्लोळ. सकाळपासून चालू कॉल तुटत होते, आख्ख्या शहरात बोंब झाली होती. गर्दीत एन्दाहचं यंत्र पाच-पाच सेकंदांनी उत्तर देत होतं आणि पाक मोकोंचा नियम तीन सेकंदांत जिवंत माणसं पुसत सुटला होता. मुदत परत दहावर नेली तेव्हा कुठं थांबलं. सगळं निस्तरून दुपार उलटल्यावर त्यांनी पुसलेल्या नोंदी काढल्या. सकाळी आठ सतराला त्यांचा स्वतःचा नंबर. पुढं लिहिलेलं, 'उत्तर नाही'.

ते तसेच उठून एन्दाहच्या टेबलाशी गेले.

"पाच लागतात हे ठाऊक होतं तुला?" त्यांनी एन्दाहला विचारलं.

"इंग्गिह, पाक."

"मग त्या दिवशी हो कशाला म्हणालीस?"

"हो नव्हते म्हणाले." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं ऐकलं, एवढंच म्हणाले होते."

तिला ते कुठल्या तोंडानं रागवणार होते?

समारिंदाला फोन लावला तर वहिनी इस्पितळात. दुपारी तेजोला दुसरा झटका आला होता. चौथ्या दिवशी तो गेला. शुद्धीवर आलाच नाही.

मोको मातीला पोचले. सगळे गेल्यावर वहिनीसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. यंत्र, मुदत, तीन सेकंद. "मी नव्हता ठेवला वहिनी. नेटवर्कनं तोडला, माझ्याच नियमानं."

वहिनीनं चहाचा पेला खाली ठेवला.

"तुटला हे मला कळलं होतं," ती म्हणाली. "मी फोन काढून घ्यायला गेले, तर ते देईनात. कानाशीच धरून बसले. म्हणाले, 'लावेल.' तेवढं मात्र स्पष्ट म्हणाले. दोन तास धरून होते."

"मी... मला वाटलं, दादांनी ठेवला."

"आणि मला हात लावू देईनात, नाहीतर मीच लावला असता." तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. "कितीही गर्दी असली तरी लागला असता भावजी. आमच्याकडं सगळ्यांचे येत होते. एकदा परत लावून तरी बघायचा होतात."