बुधवारची ओहोटी

आमच्या बेटावरच्या शाळेत पाहुण्यांसमोर तास असला की सगळी मुलं हात वर करतात. उत्तर येत असेल त्याने पंजा उघडा ठेवायचा, येत नसेल त्याने मूठ मिटायची, आणि बाईंनी उघडा पंजा बघूनच नाव घ्यायचं. मागे खुर्च्या टाकून बसलेल्या साहेबांना वाटतं, काय तयार वर्ग आहे. ही युक्ती ओक म्योंग-ही बाईंना नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वडीलधाऱ्या शिक्षिकेने शिकवली, आणि बाईंनी ती बत्तीस वर्षं इमानेइतबारे वापरली. पुढे सांगणार आहे तो त्यांचा सगळा राग दुसऱ्यांवरच होता असं कुणी समजू नये.

आमच्याकडे बढती गुणांवर मिळते. आडबाजूच्या बेटावर येऊन राहिलं की गुण, शाळेला ‘प्रयोगशील’ असा शिक्का मिळवून दिला की आणखी गुण. तरणे शिक्षक येतात, गुण गोळा करतात आणि पहिल्या बोटीने परत जातात. ओक बाई पाच वर्षांपूर्वी आल्या तेव्हा बावन्नच्या होत्या आणि त्यांच्या खात्यात गुण जवळजवळ नव्हतेच. त्यांची आई याच चिखलात शिंपल्या काढायची, म्हणून त्यांनी ही बदली मागून घेतली होती.

आधीच्या मुख्याध्यापकांना सोबत घेऊन बाईंनी एकच काम केलं, पण ते जीव ओतून केलं. शाळेचं वेळापत्रक त्यांनी समुद्राला जोडलं. ओहोटी अकराला असेल तर अकराला सगळे चिखलात, दोनला असेल तर दोनला. एक हात लांब, एक हात रुंद चौकट आखायची, त्यातली बिळं मोजायची, भागाकार तिथेच करायचा, परत येऊन निबंध लिहायचा. गणिताच्या नावाने पळ काढणारी पोरं चिखलाने बरबटलेल्या हातांनी अपूर्णांक मांडायला लागली. शेजारचा वर्ग माझा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग मागच्या मार्चमध्ये प्यो ग्वांग-सिक सर मुख्याध्यापक म्हणून आले. माणूस दुष्ट नव्हता, फक्त त्यांना सगळं जग तक्त्यात बसवायचं होतं. शाळेला त्यांनी प्रयोगशील दर्जा आणला. प्रयोगाचं नाव होतं, ‘उद्याच्या स्वयंप्रेरित विद्यार्थ्यासाठी सागरी अभ्यासक्रम’. म्हणजे बाईंचाच चिखल, नवीन कपडे घातलेला.

“बाई, एवढंच करू,” सर म्हणाले, “की चिखलाचा तास दर बुधवारी, जेवणानंतर.”

“सर, ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते. एका बुधवारी चिखल असेल, पुढच्या बुधवारी गळ्याइतकं पाणी.”

“मग त्या दिवशी टॅबलेटवर दाखवा. चाळीस आणलेत, एकोणीस मुलांना.”

“खिडकीतून समुद्र दिसतो, सर.”

“अहवालात खिडकी कशी लिहू, बाई? तक्त्यात रोज वेगळी वेळ दिसली तर वरचे विचारतात, शाळा चालवता की मासेमारी?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्या मान खाली घालून बाहेर आल्या, कारण बत्तीस वर्षांत दुसरं काही केलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मला म्हणाल्या, “त्यांचा नाही, माझाच संताप येतो गं.”

नोव्हेंबरात शिक्षण कार्यालयाचे तपासनीस आले. बुधवार होता, जेवणानंतरचा तास, आणि बाहेर भरती अगदी धक्क्याला लागलेली. सरांनी मुलांचे प्रश्न आणि उत्तरं आधीच टाइप करून वाटली होती. मुलांनी स्वतःहून काय विचारायचं, तेही त्यात होतं. बाईंच्या चौथी-पाचवीच्या एकत्र वर्गातली नऊ मुलं टॅबलेटवरचा खेकडा बोटाने गोल फिरवत होती. शेवटचा प्रश्न बाईंनी कागदावरचाच वाचला. “या अभ्यासातून तुम्ही स्वतः काय शोधलंत?”

नऊ हात वर गेले. आठ पंजे, एक मूठ. मूठ दान्बीची होती. तिची आजी अजून फळीवर गुडघा टेकून चिखलातून सरकत शिंपल्या काढते. पोरीला बीळ बघून खेकडा कुठला ते कळतं, आणि ती मूठ वर करून बसली होती.

“दान्बी,” बाई म्हणाल्या.

वर्ग चपापला. दान्बीने आधी आपल्या मुठीकडे पाहिलं, मग बाईंकडे. “बाई, मूठ आहे.”

“दिसतेय मला. बोल.”

“मी काही शोधलं नाही. बुधवारी पाणी असतं. आणि हा खेकडा आपल्याकडचा नाहीच.” तिने खिडकीकडे बोट केलं. “आपण चिखलाचा तास पाणी असताना का ठेवतो?”

आता काहीतरी होईल, असं बाईंना वाटलं. झालं ते असं, की तपासनिसांनी मान डोलवत लिहून घेतलं, ‘विद्यार्थिनीचा उत्स्फूर्त प्रश्न, अत्युत्तम’. नंतर नाशपातीच्या फोडी खात त्यांनी जाहीर केलं, की हे बुधवारचं वेळापत्रक आणखी अकरा शाळांत नमुना म्हणून जाईल. पोरीच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही.

सर खुशीत जवळ आले. “कमाल केलीत, बाई. मुठीचं आधीच ठरवलं होतं ना? मला सांगायचं तरी.”

बाईंना त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याहून जास्त स्वतःच्या. त्या रिकाम्या वर्गात जाऊन बसल्या आणि आयुष्यभरात वर आलेल्या मुठी आठवायला लागल्या. कुणाची कुठली, एकही आठवेना, कारण त्यांनी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या बुधवारी खरं तर ओहोटी होती. पण तो तास अहवालाच्या फोटोंसाठी रद्द झाला. हे कळल्यावर बाईंनी भरतीचा तक्ता काढला. त्या बुधवारच्या आधीच्या सोमवारी पावणेअकराला त्यांनी नऊ जणांना रबरी बूट घालायला लावले.

सर फाटकात आडवे आले. “बाई, आज सोमवार आहे.”

“आज ओहोटी आहे, सर.”

“परवानगी कोणी दिली? मला लेखी ताकीद द्यावी लागेल.”

“द्या. माझं पूर्ण नाव नीट लिहा. सरका आता, पाणी थांबत नाही.”

सर सरकले.

ताकीद गुरुवारी आली. बाईंनी ती फळ्याशेजारी टाचली आणि वर्गाला म्हणाल्या, “वाचा, आणि काही खटकलं तर हात वर करा. पंजा-मूठ बंद.”

ताकिदीत लिहिलं होतं, ‘सकाळी अकरा वाजता, ओहोटीच्या वेळी, विनापरवानगी’. दान्बीने चिखलाच्या तासाची वही उघडून सोमवारची नोंद शोधली. मग हात वर केला.

“बाई, ओहोटी अकरा वाजून पाच मिनिटांनी होती. सरांचं चुकलंय.”

“मग जा,” बाई म्हणाल्या, “आणि त्यांना सांगून ये.”